हत्तीच्या गुडघ्यावर फुंकर

"मुलांना फुंकायला लावणं यात एवढं काय आहे? दोन मिनिटांचं काम!"

मामा हे छातीठोकपणे म्हणाला तेव्हा त्याच्या हातात चहाचा कप होता आणि समोर त्याची थोरली बहीण होती. ताईने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. लहानपणी याच भावाने "दोन मिनिटांचं काम" म्हणून भिंतीवरचं घड्याळ उघडलं होतं आणि पुढे दीड वर्ष त्या घरात किती वाजले ते शेजाऱ्यांना विचारावं लागत होतं!

खरं तर त्याला मामा म्हणणारी जगात एकच व्यक्ती होती, ताईची सात वर्षांची मुलगी टिचकी. पण ती एकदा त्याच्या ऑफिसात आली, दिवसभर "मामा, मामा" करत टेबलांमधून फिरली, आणि तेव्हापासून साहेबांसकट सगळं ऑफिस त्याला मामाच म्हणू लागलं. त्याचा धंदा खेळ बनवण्याचा. डोळ्यांवर जाडजूड हेडसेट चढवायचा, की खोली गायब आणि तुम्ही मामाने बनवलेल्या जगात उभे! आजवर त्या जगात लोक कलिंगडं फोडत आणि भुतांना पळवून लावत. यापेक्षा उपयोगाचं काम आपल्या हातून होईल असं मामालाही कधी वाटलं नव्हतं.

पण टिचकीला दम लागायचा. जिना चढली की छातीत शिट्टी वाजायची. ताईने घाबरून शाळेत चिठ्ठीच दिली होती, "हिला धावू देऊ नये." त्यामुळे खेळाच्या तासाला वर्ग मैदानात आणि टिचकी बाकावर, सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळत. कोणाची बाटली कुठली हे तिला झाकणावरून कळायचं. "मी त्यात पहिली आहे," असं ती घरी सांगायची.

मोठ्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "फुप्फुसांची चाचणी नीट होऊ दे. आकडे चांगले आले तर ही पोर खुशाल धावेल. वाईट आले तर औषध बदलू. पण अंदाजाने मी तिला धावही म्हणणार नाही आणि थांबही म्हणणार नाही."

आणि चाचणी काही केल्या नीट होत नव्हती! तशी ती साधी. नाकाला चिमटा लावायचा, कागदी नळी ओठांत घट्ट धरायची, पोटभर श्वास घ्यायचा आणि तो एकदम जोरात, पार संपेपर्यंत बाहेर टाकायचा. असं तीनदा, आणि तिन्ही वेळा सारखं. ही चाचणी घेणाऱ्या बाईंना सगळा दवाखाना फुंकाबाई म्हणत असे. बावीस वर्षं त्या एकच शब्द ओरडत आल्या होत्या. "फुंक! फुंक फुंक फुंक! अजून! अजून! सोडू नकोस!" आवाज असा, की शेजारच्या खोलीत ईसीजीची पट्टी काढायला झोपलेले आजोबाही एकदा सोबत फुंकले होते आणि त्यांची पट्टी दोनदा काढावी लागली होती.

मोठी माणसं त्या आवाजाने फुंकत. टिचकीचा मात्र त्या आवाजाने श्वासच आत पळायचा. तीन वेळा आली, तिन्ही वेळा एक सेकंद "फुस्स" करून आईच्या पदराआड लपली.

मग मामा कंबर कसून कामाला लागला. पाच आठवड्यांत त्याने तळ्याकाठी झोपलेला एक हत्ती बनवला. मुलाने नळीत फुंकलं, की हत्ती फुग्यासारखा फुगायचा, जमीन सोडायचा आणि घरांच्या छपरांवरून तरंगत जायचा. श्वास जितका जोराचा आणि लांब, तितका हत्ती उंच. वर नुसत्या शोभेसाठी ढग होते, तेही श्वासाने हलत. साहेबांनी हत्ती पाहिला आणि डोळे मिटून म्हणाले, "मामा, हा प्रत्येक दवाखान्यात जाणार!"

हत्तीच्या गुडघ्यावर कातडीचे दोन तुकडे जरा वाकडे जुळले होते आणि तिथे एक काळपट रेघ राहिली होती. मामाने ती बघितली. "कोण बघतंय गुडघा!" म्हणाला आणि पुढे गेला.

राहिला आवाज. मुलांना सूचना कोण देणार? मामाचं मत पक्कं होतं. मुलं ओरडण्याने बिथरतात, त्यांच्याशी गोड बोलावं लागतं. म्हणून त्याने स्वतःच्याच मधाळ आवाजात वाक्य भरलं, "चल राजा, हत्तीबाळाला छानशी फुंकर घाल हं!"

फुंकाबाईंनी ते ऐकलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "फुंकर नको हो. फूक म्हणा."

"बाई, फूक काय आणि फुंकर काय! वारा तोच!"

"वारा तोच कसा? दिवा विझवायला फूक मारतात. फुंकर घालतात ती खरचटल्यावर."

"तुम्ही बावीस वर्षं फूकच सांगताय ना? मग टिचकी का फुंकत नाही?"

यावर बाई गप्प झाल्या. आपण वाद जिंकलो, असं मामाला वाटलं. बाई कुठल्या प्रकारे गप्प होतात हे त्याला ठाऊक नव्हतं.

ठरलेल्या दिवशी सकाळी दहाला चाचणीच्या त्या छोट्या खोलीत सहा माणसं कोंबली होती. मोठे डॉक्टर, फुंकाबाई, ताई, टिचकी, मामा आणि नवा कोट घालून आलेले साहेब. हेडसेटच्या आत जे दिसेल तेच सगळ्यांना दिसावं म्हणून मामाने भिंतीवर पडदा लावला होता. शेजारी यंत्राचा पडदा, त्यावर श्वासाची रेघ उमटायची. मामाने पाच मिनिटांचं भाषण केलं. त्यात "क्रांती" हा शब्द चारदा आला.

टिचकीने खुर्चीत बसून हेडसेट चढवला. बाईंनी नाकाला चिमटा लावला, नळी हातात दिली. 

समोर तळं होतं. काठावर डोंगराएवढा हत्ती झोपला होता आणि त्याचं पोट हळूहळू वरखाली होत होतं. टिचकीने मान वर केली, आणखी वर केली, आणि तिचं तोंड उघडंच राहिलं. मामाने तो हत्ती हजारदा पाहिला होता. पण तिच्या चेहऱ्याकडे बघताना त्याच्या अंगावर काटा आला. आपण एवढं मोठं काही बनवलंय हे त्याला तेव्हा कळलं.

"चल राजा, हत्तीबाळाला छानशी फुंकर घाल हं!" हेडसेट बोलला.

टिचकीने तोंडाजवळ नेलेली नळी खाली केली. "बाबा, ह्याला कुठे लागलंय?"

डॉक्टरांनी मामाकडे पाहिलं. "तुम्ही मुलीचे वडील?"

"नाही, मामाच. नाकाला चिमटा लावलाय म्हणून बाबा झालोय." आणि टिचकीकडे वळून म्हणाला, "कुठेही लागलं नाहीये गं. तू फुंक."

"छानशी फुंकर घाल हं!" हेडसेट पुन्हा बोलला.

"बघ! तो परत सागतोय! लागलंय त्याला!" टिचकी मान फिरवून हत्तीचं डोकं, सोंड, पाय बारकाईने तपासू लागली. "सापडलं! गुडघ्यावर! केवढं खरचटलंय!"

भिंतीवरच्या पडद्यावर ती काळपट रेघ आता ताटाएवढी दिसत होती. सगळ्या खोलीने ती पाहिली. मामाने जमिनीकडे पाहिलं.

टिचकी पुढे वाकली. नळी ओठांत धरली, श्वास घेतला आणि हत्तीच्या गुडघ्यावर फुंकर घालू लागली. अगदी हलकी. तिच्या आईने तिच्या गुडघ्यावर आजवर घातली तशीच.

"अगं जोरात—" मामा ओरडणार होता. इतक्यात फुंकाबाईंनी त्याचा दंड घट्ट धरला. त्या यंत्राच्या पडद्याकडे बघत होत्या.

रेघ वर चढत होती. हळूहळू, पण चढत होती. तीन सेकंद झाले. पाच. सात. टिचकीचे गाल जरासे फुगलेले, डोळे हेडसेटच्या आत त्या गुडघ्यावर. नऊ. अकरा. बावीस वर्षांत पहिल्यांदाच त्या खोलीत श्वास चालू असताना बाईंचा आवाज बंद होता. तेराव्या सेकंदाला टिचकीने ओठ उघडले आणि म्हणाली, "आता बरं वाटेल त्याला."

"सव्वा लिटर," बाई कुजबुजल्या. "डॉक्टर, सव्वा लिटर! मागच्या वेळी अर्धाही नव्हता."

एवढीशी पोर! उचलली तर काखेत मावेल, आणि तिच्या आत एवढा वारा! इतके दिवस तो आत होताच, फक्त कोणी त्याला बाहेर यायचं कारण दिलं नव्हतं. मामाचे डोळे भरून आले आणि त्याने ते साहेबांच्या नव्या कोटाच्या बाहीला पुसले.

"विलक्षण आहे हे," डॉक्टर म्हणाले. "पण माझ्या उपयोगाचं नाही."

"म्हणजे?" ताईचा आवाज चिरकला.

"हवा आत आहे हे कळलं. पण दम्यात प्रश्न असतो तो हवा वेगाने बाहेर पडते का, याचा. पहिल्या सेकंदात किती पडते ते मला बघायचंय. त्यासाठी जोरात फुंकायला हवं."

मामा टिचकीच्या कानाशी वाकला. "टिचके, आता जोरात हं. एकदम जोरात!"

"दाही!"

"का गं?"

"जोरात फुकलं तर त्याला झोबेल!"

बोला आता! मामाने समजावलं, ताईने समजावलं, डॉक्टरांनीही खुर्चीशेजारी बसून समजावलं. टिचकी ढिम्म. उलट तिने सगळ्यांनाच विचारलं, तुमच्या खरचटलेल्यावर कोणी जोरात फुंकलं तर चालेल का? डॉक्टर उठून उभे राहिले. फुंकाबाई मामाकडे बघत होत्या. मामाला ते ओरडण्यापेक्षा जास्त लागत होतं.

"थांबा, थांबा!" मामाने मांडीवर लॅपटॉप उघडला. "हत्ती हळू फुंकरीनेही उडेल असं करतो. उडताना तिला मजा वाटेल, मग ती आपणहून जोर लावेल. एक आकडा बदलायचाय फक्त."

त्याने आकडा बदलला. दहापट करायचा होता. घाईत हजारपट झाला.

"मी दाखवतो तिला!" साहेब कोट काढत पुढे आले. साहेब कॉलेजात पोहण्यात पहिले यायचे, आणि हे ते महिन्यातून दोनदा तरी सांगायचे. "बाळ, तू भिंतीवर बघ हं. हत्तीला फुंकलेलं किती आवडतं ते काका दाखवतात!"

बाईंनी नळी बदलली. साहेबांनी उभ्यानेच हेडसेट चढवला, छाती भरली आणि फुंकले. पोहण्यातली सगळी बक्षिसं त्या फुंकण्यात होती.

हत्ती गेला! फुगणं नाही, तरंगणं नाही. एक क्षण तो तळ्याकाठी होता आणि दुसऱ्या क्षणी नव्हता. साहेब त्याला शोधायला वर बघू लागले, मान मागे, पाठ मागे, आणखी मागे, आणि वापरलेल्या नळ्या टाकायच्या पिंपात धप्पकन बसले. बसले ते बसलेच. पिंप त्यांच्या मापाचं निघालं.

"हत्ती कुठेय?" टिचकी किंचाळली. तिने झटकन जाऊन पिंपातल्या साहेबांच्या डोक्यावरून हेडसेट ओढून काढला आणि स्वतः चढवला. तळं रिकामं होतं. काठावर गवत तेवढं दबलेलं. "बाबा! हत्ती कुठे गेला?"

मामाला घाम फुटला. हत्ती वर कसा जाईल हे त्याने पाच आठवडे लिहिलं होतं. खाली कसा येईल याचा विचारच केला नव्हता! खेळ बंद करून पहिल्यापासून चालू करायचा, एवढाच मार्ग होता. पण पुन्हा तोच झोपलेला हत्ती, तोच गुडघा, तीच फुंकर! तिकडे टिचकीचा खालचा ओठ थरथरू लागला होता. रडू आलं की दम लागणार, दम लागला की आजची चाचणी गेली. तरीही त्याचं बोट बटणाकडे गेलं.

"थाब!" टिचकी ओरडली. ती आभाळाकडे बघत होती. "तो ढगाच्या बागे असेल. एकटा असेल. घाबरला असेल."

ढगाच्या मागे काहीही नव्हतं, हे मामाला माहीत होतं. ढग शोभेचे होते.

टिचकी खुर्चीत ताठ बसली. बाईंनी पटकन नवी नळी बसवली. आपल्या हाताने नळी धरून ओठ घट्ट मिटले. मग तिने श्वास घेतला. खांदे कानांना टेकले, पाय जमिनीवरून उचलले गेले, आणखी थोडा घेतला, आणि ती फुंकली!

यंत्रावरची रेघ उभी वर गेली. ढग फाटला. ती थांबली नाही, ढगाच्या चिंध्या उडेपर्यंत फुंकत राहिली, चार सेकंद, पाच, सहा. चेहरा लाल झाला, मुठी वळल्या. बाईंचे ओठ हलत होते, "अजून… अजून…" पण आवाज निघत नव्हता. ताईने स्वतःचाच श्वास रोखून धरला होता. फाटलेल्या ढगामागे निळं आभाळ दिसलं. नुसतं निळं.

"इथे दाहीये," टिचकी म्हणाली. "त्या दुसऱ्या ढगाबागे असेल."

"एक झाली," बाई अगदी हळू म्हणाल्या. "अजून दोन हव्यात."

दुसरा ढग गेला. तेवढ्याच जोरात, तेवढाच वेळ. मागे पुन्हा निळं. टिचकीने काही न बोलता तिसऱ्या ढगाकडे तोंड वळवलं. तो सगळ्यांत मोठा होता. तिच्या कपाळावरचे केस घामाने चिकटले होते. त्या ढगामागेही काही नसेल तर? मामाला ते सहन होईना. आजवर त्याने खेळात माणसं हरवली होती, जिंकवली होती. पण इतक्या विश्वासाने कोणी त्याच्या आभाळात काही शोधलं नव्हतं. त्याने लॅपटॉप ओढला. तिने श्वास घेतला. तो टाइप करू लागला. ती फुंकली. त्याची बोटं चुकली, पुसलं, पुन्हा लिहिलं. रेघ वर, ढगाची कड गेली, मध्य गेला, चार सेकंद, बोटं चालूच, पाच सेकंद—

आणि शेवटची चिंधी उडाली तेव्हा मागे हत्ती होता! घाईत आकडा उलटा पडला होता, त्यामुळे हत्तीही उलटा होता. पाठ खाली, चारी पाय वर, सोंड लोंबतेय. एवढा मोठा प्राणी एवढ्या निळ्या आभाळात उताणा पडला होता, आणि खाली जमीन नव्हती.

खोलीत कोणी हललं नाही. पिंपातले साहेबही तसेच वर बघत राहिले. त्यांना बाहेर काढायचं कोणाच्या लक्षातच आलं नाही.

"आई, बघ," टिचकी हळूच म्हणाली. "तो लोळतोय! त्याला काहीच झालेलं दाही!"

यंत्राने कर्र कर्र करत कागद बाहेर टाकला. डॉक्टरांनी तो खिडकीपाशी नेला, चष्मा वर केला, खाली केला. ताई त्यांच्या पाठीशी उभी होती. तीन रेघा एकीवर एक बसल्या होत्या, वेगळ्या काढता येऊ नयेत अशा.

"तिन्ही जुळतात," डॉक्टर म्हणाले. "आणि आकडे चांगले आहेत. चालू औषधच पुरेसं आहे. धावू दे तिला."

"नक्की?"

"नक्की."

"म्हणजे… शाळेत? मैदानात?"

"कुठेही! ती चिठ्ठी परत मागवा शाळेतून."

ताई एकदम भिंतीला टेकली. फुंकाबाईंनी पदराने डोळे टिपले आणि टिपल्याचं कोणी पाहिलं का ते पाहिलं. मामाने खाकरून, आपल्या तंत्राविषयी दोन शब्द बोलण्यासाठी तोंड उघडलं.

"आत्ता धावू?" टिचकीने विचारलं. हेडसेट तिने काढला होता.

डॉक्टर हसले. "धाव की!"

ती गेलीसुद्धा! दाराबाहेर दवाखान्याचा लांबच लांब मोकळा व्हरांडा होता. सँडलचा फटफट आवाज करत टिचकी सुटली, वेण्या मागे, कोपर बाहेर, धावायची सवय नसलेल्या मुलीसारखी वेडीवाकडी आणि जोरात.

"अगं, चिमटा! नाकाला चिमटा आहे!" मामा मागे धावला.

ताई दारात आली. तोंडातून सवयीने निघालंच, "अगं धावू न—" आणि तिथेच अडलं. तिने हाताने तोंड दाबलं. मग हात काढला आणि सगळा व्हरांडा वळून बघेल अशा आवाजात ओरडली, "धाव! अजून जोरात!"

टिचकीने टोकाच्या भिंतीला हात लावला, गर्रकन वळली आणि परत निघाली. येताना वाटेत तिला मामा लागला. निम्मा व्हरांडा धावून तो पाण्याच्या टाकीला धरून वाकला होता आणि त्याच्या छातीतून शिट्टी वाजत होती.

"बाबा, तू हरलास!" ती त्याला वळसा घालून पुढे गेली.

मामाने काहीतरी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण "फुस्स" एवढंच बाहेर आलं. दारात फुंकाबाई उभ्या होत्या. त्यांनी मामाकडे नीट, वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग पाकिटातून एक कोरी कागदी नळी काढली, आणि शेजारच्या खोलीतले आजोबा दचकतील अशा आवाजात पुकारलं,

"पुढचा पेशंट!"